तामूचा तारिजा आणि माझी शेगडी

आशुऱ्याच्या सणाला आमच्या साफी बंदरात बायका अंगणात तारिजे वाजवतात आणि पुरुषांना घराबाहेर काढतात. माझी तक्रार नव्हती; उरलेलं वर्षभरही घरात माझं विशेष काम नसे. फक्त उंबऱ्याबाहेर शेगडीपाशी बसून बायकोचा, तामूचा, तारिजा शेकायचा एवढं माझ्याकडे. पेल्याच्या घाटाचा मातीचा ढोल, तोंडावर बकरीचं कातडं. समुद्राच्या दमट हवेनं ते सैल पडलं की आवाज सर्दी झालेल्या काझीसारखा येई.

पहिलं गाणं उचलायचा मान पंचवीस वर्षं तामूचा. त्यावर टपून बसलेली खालच्या गल्लीतली यामना. त्या वर्षी आत बायका जमल्या आणि बाहेर मी शेजारच्या अब्बासशी सार्डीन माशांच्या भावावरून वाद घालत होतो. जिंकतच आलो होतो, तेवढ्यात फट्ट झालं.

तामू दारात आली.

"काय वाजलं?"

"तारिजा."

"कोणी वाजवला?"

"शेगडीनं."

ती फाटलेलं कातडं बोटानं चाचपू लागली, तेव्हा मी घाबरलो. दुकानं बंद. तारिज्याशिवाय गाणं उचलता येत नाही, आणि त्या दिवशी आपला तारिजा कोणी दुसरीला देत नाही. मान आज यामनाकडे जाणार, तोही माझ्यामुळे.

मी तडक यामनाकडे गेलो. ती आपला तारिजा काखेत मारून आमच्याकडेच निघाली होती.

"लल्ला यामना," मी अदबीनं म्हणालो, "तामूचं कातडं मी जाळलं. तुमचा द्याल?"

"तुमचं तोंड बघून?"

"तोंड राहू द्या. तामूनं सुरुवातच केली नाही, तर वर्षभर नावं कुणाला ठेवाल?"

यामना विचारात पडली. आयुष्यात मी एकदाच बिनतोड बोललो, तो हा प्रसंग.

आमच्या अंगणात येऊन तिनं तारिजा तामूच्या मांडीवर ठेवला. "उचल गाणं. आणि परत करताना मलाच दे, नवऱ्याकडे देऊ नकोस."

तामूला जाऊन सात वर्षं झाली. आता गाणं यामना उचलते. बाजारात प्लास्टिकच्या तोंडाचे ढोल आलेत, त्यांना सर्दीच होत नाही. यामना मात्र मातीचाच वाजवते आणि आशुऱ्याच्या दुपारी नातीबरोबर माझ्याकडे शेकायला पाठवते. निरोप ठरलेला: "एक जाळलाय त्यांनी. कुठं थांबायचं ते त्यांनाच ठाऊक."

मी तारिजा निखाऱ्यांवर फिरवतो, कानाशी धरून टिचकी मारतो, पुन्हा फिरवतो. शेजारी अब्बास सार्डीनचा भाव काढतो.

मी उत्तर देत नाही.