वरच्या मजल्यावरचा फोन

मी गाडीतला टेप बोलतोय. कॅसेट माझ्या पोटात कधी गेली नाही, तरी सगळे मला टेपच म्हणतात. म्हणू देत. फोन खिशात राहतो आणि बोलणं मी दारांतल्या स्पीकरांतून ऐकवतो. मला बसवलं तेव्हा ही मोठी नवलाई होती.

गाडी आधी वरच्या मजल्यावरच्या चष्मेवाल्याची. त्याने पहिल्याच दिवशी आपला फोन मला जोडून दिला. किल्ली फिरली की आधी तो फोन शोधायचा आणि धरायचा, ही माझी सवय तेव्हाची. पुढे माझ्या बटणांवरची अक्षरं पुसली, त्याने नवी गाडी घेतली आणि आम्हाला खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या ताईला विकलं. चाव्या दिल्या, कागद दिले, मागच्या सीटवरची छत्री आठवणीने काढून घेतली. त्याचा फोन माझ्यातून काढायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

ताईचे वडील तिच्याकडेच असतात. त्यांना कमी ऐकू येतं. धाकटी लेक लांब नोकरीला, तिचं बाळ नुकतं बोलायला लागलंय. रविवारी दुपारी तिचा फोन येतो. कानाला लावला की बाबांना नुसती खरखर.

"काय म्हणालं गं?"

"आजोबा म्हणालं!" ताई ओरडते. त्या ओरडण्यात नातवाचा आवाज त्यांना कुठून सापडणार?

मग ताईला मी आठवलो. "बाबा, गाडीत बसू. काचा लावून घेऊ. तिथे मोठ्याने ऐकू येईल."

बाबा धुतलेला सदरा घालून आले. ताईने किल्ली फिरवली, आणि मी सवयीने वरच्या मजल्यावरचा फोन धरला. मला एका वेळी एकच धरता येतो. ताईचा फोन तिच्या मांडीवर तसाच राहिला.

"जोडत का नाही हा मेला?" तिने मला थापटी मारली.

पुढच्या रविवारी तेच. नंतरही तेच. चष्मेवाला गाडीला टेकून तिला सांगायचा, "माझाही फोन बिघडलाय. दुपारचा आवाजच जातो त्याचा." दोघं एकमेकांसमोर उभे, मधे मी, आणि कुणाच्या काही लक्षात येत नाही. माझ्या तोंडून सगळ्यांचे आवाज निघतात, माझा तेवढा निघत नाही. जीव नुसता चडफडतो. शेवटी वायरमन आला, दोन बटणं दाबली आणि म्हणाला, "जुना माल. सोमवारी काढून टाकतो."

आज रविवार. बाबा तरी येऊन बसलेच. ताईने किल्ली फिरवली आणि माझ्यातून कडाडून आवाज आला, "अहो, गॅस बंद केलात का?"

बाबा दचकले. "आमचा बंद आहे!"

"अगं बाई, या तर वरच्या वहिनी!" ताई दार उघडून धावली. "भाऊ! तुमचा फोन आमच्या गाडीत बोलतोय! ते ब्लूटूथ बंद करा! आणि गॅसही!"

वरचा फोन सुटला. ताईने आपला जोडला. धाकटीचा आवाज आला, "ताई, आत्ताच झोपलं गं. उठवू का?"

"नको नको," बाबा म्हणाले. "फोन नुसता त्याच्याजवळ ठेव."

काचा लावल्या. चारही दारांतून श्वास येऊ लागला, बारीक, जरा घरघरता. बाबा मान खाली घालून ऐकत राहिले.

"नाक चोंदलंय गं त्याचं."

पलीकडे धाकटीने फोन बाळाजवळून उचलला. मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला ऐकू आलं?"

सगळे हसत, डोळे पुसत घरात गेले. वायरमनला नको म्हणून सांगायचं राहून गेलं. चष्मेवाल्याने ब्लूटूथ आजच्यापुरतं बंद केलंय, उद्या विसरून चालू करील. मला स्वतःहून कुणाला विसरता येत नाही. तेव्हा ताई, मला उपटू नकोस. त्याचा फोन तेवढा माझ्यातून पुसून टाक. पुढच्या रविवारी बाळ जागं असेल.