एकही सूचना न वगळता

आमच्या वाचनालयात कोण काय वाचतं हे मी कधी विचारत नाही. एकोणतीस वर्षं मी ग्रंथपाल आहे, जोगेश्वरी पूर्वेला, श्रमसाथी सार्वजनिक वाचनालयात. जावई सिगरेट सोडण्याचं पुस्तक परत करून जातो आणि आठवड्याने सासरे तेच पुस्तक दबक्या आवाजात मागतात, तरी मी हूं की चूं करत नाही. बाकी सगळ्या बाबतीत माझं तोंड फार चालतं, हे आमचे कार्यवाह चंद्रप्रकाश सर तुम्हाला सांगतीलच.

सर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. माईक बंद पडला तरी सभा अडत नाही असा आवाज. मागच्या वर्षी कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं की कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर कुणीतरी नको ते बघत होतं. काय बघत होतं, कुणी पाहिलं, याचा पत्ता नाही. पण सरांनी लगेच अंधेरीहून माणूस बोलावला आणि चारही कॉम्प्युटरना फिल्टर लावून घेतला. किती कडक ठेवू, असं त्या माणसाने विचारलं. सर म्हणाले, सगळ्यात कडक. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्वतःच्या खिशात ठेवला. मलासुद्धा दिला नाही, आणि तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तमाशा सुरू झाला. एका काकांनी मूळव्याधीचं पथ्य शोधलं, पडदा लाल झाला आणि पान अडलं. स्पर्धा परीक्षेच्या पोरांनी दारूबंदी कायदा उघडला, पडदा लाल. संघमित्रा म्हणून एक मुलगी आमच्याकडे बसून वकिलीचा अभ्यास करते. तिला अत्याचार प्रतिबंधक कायदा वाचायचा होता, तर फिल्टरने तिला ‘हिंसक मजकूर’ असं बजावलं. मी तीनदा सरांकडे गेले. तिन्ही वेळा सर म्हणाले की थोडी गैरसोय व्हायचीच, ज्यांना चांगलं वाचायचंय त्यांचं काही अडत नाही.

मग एके दिवशी शकु आली. शकु परब मालवणकडची, चाळिशी उलटलेली. शेजारच्या दोन बिल्डिंगींत पोळ्या करते आणि दुपारी तीनच्या सुमारास अर्धा तास मोकळी असते. घरात स्मार्टफोन एकच, तो नवऱ्यापासून जावेपर्यंत सगळ्यांच्या हातात फिरतो. ती कॉम्प्युटरसमोर खुर्चीच्या कडेवर टेकली, एकेक अक्षर शोधत काहीतरी टाइप केलं आणि दोन मिनिटांत उठली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. तिचा चेहरा इतका उतरला होता की माझा नियम मोडून विचारावंसं वाटलं. विचारलं नाही. मी फक्त सूचनावही तिच्यापुढे सरकवली.

या वहीची गंमत सांगायला हवी. वाचनालय काढलं ते गिरणीतल्या कोकणी कामगारांनी. गिरणीत त्यांच्या तक्रारी साहेबाच्या खणात जाऊन पडायच्या, त्यामुळे वाचनालयाच्या घटनेत त्यांनी कलम अकरा घातलं. वर्षभरातली प्रत्येक सूचना कार्यवाहाने वार्षिक सभेत स्वतः उभं राहून, एकही न वगळता, मोठ्याने वाचायची आणि सभेने तिला उत्तर द्यायचं. नाव लिहिण्याची सक्ती नाही. एरवी वर्षाला चार सूचना येतात. पंखा आवाज करतो, पेपरातलं कोडं कुणीतरी आधीच सोडवून ठेवतं, असल्या. त्यामुळे सर वही आधी उघडूनही बघत नाहीत.

पडदा लाल झाला की काय शोधत होता ते वहीत लिहा, असं मी एव्हाना सगळ्यांनाच सांगत होते. खोटं कशाला बोलू, मला सरांची जिरवायची होती. शकुला मात्र मी नीट सांगितलं की हे सभेत वाचलं जाईल, पुन्हा विचार कर. तिने पेन उचललं. मग “वाचूंदेत,” म्हणाली आणि लिहून गेली.

सभा रविवारी सकाळी झाली. कांदेपोह्यांच्या वासाने खुर्च्या भरल्या. सरांच्या मागे भिंतीवर संस्थापकांचा फोटो होता, त्यात मधोमध खुद्द सरांचे आजोबा. सरांनी वही उघडली, पानं उलटली, आणखी उलटली. एक्केचाळीस सूचना होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोह्यांवर लिंबू पिळत राहिले.

“मूळव्याधीत बसावं कसं आणि खावं काय,” सरांनी त्या भारदस्त आवाजात वाचलं. हॉल हसून लोटपोट झाला. मागून कुणीतरी उत्तर दिलं, ताक. ते वहीत उतरवलं गेलं. मग दारूबंदी आली, संघमित्राचा कायदा आला, नसबंदी आली. सरांचे कान लाल झाले होते, पण सभा अशी रंगली होती की गणपतीतही रंगत नाही. मलाही हसू आवरत नव्हतं.

आणि मग सर थांबले. पुढचं त्यांनी मनात वाचलं आणि पान उलटायला लागले. ही बाब वैयक्तिक आहे, म्हणाले, पुढे जाऊ.

संघमित्रा उभी राहिली. “सर, कलम अकरा. एकही न वगळता.”

सरांनी मागे वळून फोटोकडे पाहिलं. मग खाकरून, पहिल्यांदाच हळू आवाजात, वाचलं. गर्भपिशवी काढायला सांगितली आहे. डॉक्टरांनी पाच मिनिटंसुद्धा बघितलं नाही. जाऊबाईंनी दिवस ठरवला आहे. पिशवी काढल्यावर बाईचं काय होतं, आणि काढलीच पाहिजे का, ते मला वाचायचं होतं.

मी हातातली ताटली खाली ठेवली. सरांची जिरवण्याच्या नादात मी त्या बाईला चव्हाट्यावर आणलं, असं वाटून मला स्वतःचीच लाज वाटली. कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, कोणाचं असेल हे?

शेवटच्या रांगेत शकु उठली. पदर खोचलेला होता.

“तो प्रश्न माझो आसा,” ती म्हणाली. “उद्या सोमवारी माका भरती होवचा आसा. पिशवी काढूकच लागतली काय, ता आधी कोणीतरी माका सांगा.”

नीलमताई तिसऱ्या रांगेत होत्या. महापालिकेच्या प्रसूतिगृहात त्यांनी तीस वर्षं नर्स म्हणून काढली. त्या उठून मागे गेल्या, शकुच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि सोनोग्राफी झाली का, तपासणी काय झाली, असं एकेक विचारू लागल्या. काहीच झालं नव्हतं. नीलमताई म्हणाल्या, उद्या भरती व्हायचं नाही, उद्या माझ्याबरोबर मोठ्या हॉस्पिटलात चलायचं. तोवर बायकांनी खुर्च्या वळवून तिच्याभोवती कोंडाळं केलं होतं. एकीने आपली पिशवी काढल्याचं सांगितलं, दुसरीने आपली काढता काढता वाचल्याचं. आयुष्यात कधी मोठ्याने न बोललेल्या गोष्टी बायका पोहे खात बोलत होत्या. व्यासपीठाकडे कुणी बघतही नव्हतं.

मग सरांनी खिशातून पासवर्डची चिठ्ठी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

“वनमालाबाई, काढून टाका ते,” म्हणाले. “आणि उरलेल्या सूचना मी वाचतो. माईक जरा नीट करा.”

मी माईक नीट केला. सरांबद्दलचा माझा निम्मा राग तिथेच उतरला. उरलेला निम्मा मी सवयीने ठेवला आहे.

शकुचं ऑपरेशन झालं नाही. तपासणीत लहानशी गाठ निघाली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. फिल्टर काढला त्या दिवशी शकु दुपारी तीनला आली आणि संध्याकाळच्या पोळ्यांना उशीर झाला तरी चारपर्यंत वाचत बसली. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा येते. काय वाचते ते मी विचारलेलं नाही.

काल वाचनालय बंद करताना मी सूचनावही उघडली. नव्या वर्षातली पहिली सूचना आली होती, मोठ्या, सुट्या अक्षरांत.

‘दोन नंबरच्या कॉम्प्युटरची खुर्ची डुगडुगते. तासभर बसून वाचणाऱ्या माणसाने काय करायचं? — शकु धोंडिराम परब.’

खुर्ची मी आजच दुरुस्त करून घेतली आहे. तरी पुढच्या सभेत सर ती सूचना वाचणारच आहेत, नावासकट.