उगवतीचं वारं

भागाबाईनं धानाची शेवटची पेंढी घरालगतच्या गंजीवर फेकली, कंबर सरळ केली आणि बघते तर बांधावरून जावई येत होता. बुटाला चिखल लागू नये म्हणून टुणटुण उड्या मारत.

तिचा नवरा पंजाबराव रेल्वेत गँगमन, दुर्गच्या लाइनवर. भिलाईजवळ कुरुदला त्यानं अधियानं, म्हणजे अर्ध्या वाट्यावर, धानाची बांधी कसायला घेतली होती, पण तिच्यात राबायची भागाबाईच. जावई श्रीधर मात्र भिलाईच्या कारखान्याच्या बांधकामावर, हवापाणी सांगणाऱ्या साहेबाच्या खोलीत कारकून. साहेबाच्या तोंडून सांडलेलं ज्ञान तो वेचून ठेवायचा आणि सासुरवाडीत येऊन ओतायचा.

"मामीजी, तुफान येऊन राहिलं. बंगालच्या समुद्रातून. उद्या दुपारी इथी!"

"मंग ताडपत्री घट्ट बांधतो आमी."

"नुसती बांधून काय होते? आधी समजून तर घ्या, तुफान बनते कसं."

जावयाला नको कोण म्हणणार? त्यानं ताकाचं मडकं अंगणात आणवलं आणि रवीला दोरीचे वेढे दिले.

"हे समुद्राचं पानी, गरम. याच्या खाल्ल्या अंगानं, म्हणजे दक्षिणेला, वारं उगवतीकडे जाते, वरच्या अंगानं, उत्तरेला, मावळतीकडे. दोरीचं एक टोक इकडं, एक तिकडं. मंग मधातली हवा काय करन? गरगर फिरन! त्यात पृथ्वी फिरून राहिली, तिचा जोर अलग. गरम वाफ वर चढते, भवतालची हवा आत घुसते, अन् फेर आखीन वाढत जाते."

त्यानं दोरी खसकन ओढली. अर्धं ताक दोन दिवसांच्या रजेवर घरी आलेल्या पंजाबरावच्या धोतरावर आलं.

"समजलं," पंजाबराव धोतर पिळत म्हणाला.

"तुफान आपल्या खालून, बस्तरकडून जाईल. फेर घड्याळीच्या उलटा. म्हणजे आपल्याकडे वारं उगवतीचंच. ताडपत्री सारी त्या बाजूनं लावा. मावळती उघडी राहिली तरी काही होत नाही."

ताडपत्री एकच, गंजीला पुरी न पडणारी. चारही बाजूंनी थोडी थोडी झाकू, असं भागाबाईच्या अगदी ओठावर आलं होतं. पण पोरगी त्याच्या घरी नांदत होती. तिनं दगड उचलले. जावई बोटानं दाखवत राहिला, कोणता दगड कुठं ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ काळंठिक्कर पडलं. वारं आलं ते मावळतीकडून! उघड्या अंगानं घुसून त्यानं ताडपत्री फुगवली, दगड लाथाडले, दोर तोडले. मागोमाग पाण्याचा मारा. सालभराचं धान डोळ्यांदेखत भिजायला लागलं.

श्रीधर छत्री घेऊन पळत आला. छत्री उलटी झाली, पण गडी खुश.

"मामाजी, मावळतीचं वारं! म्हणजे तुफान वरून, बिलासपूरकडून चाललं! एकदम फेराच्या कायद्यानं!"

"कायद्यानंच माहं धान भिजून राहिलं ना," भागाबाई दातांखाली पुटपुटली. मग जावयाला लाडानं हाक मारली, "बापू, खालून काय दिसन तुमाले? गंजीवर चढा."

जावयाला ते पटलं. पंजाबरावनं खांदा दिला. श्रीधर वर बसला मात्र, भागाबाईनं ताडपत्रीची टोकं त्याच्या हातात कोंबली.

"हे धरून बसा. हालू नका. जावयाची जागा वरच असते!"

सासुरवाडीच्या तुपानं पोसलेलं ते अंग. एवढा जड दगड अख्ख्या कुरुदात सापडला नसता. ताडपत्री जागची हलेना. नवराबायकोनं उघड्या बाजूला सरपणाच्या फाट्या, तुराट्या, मोडकी खाट, हाताला लागेल ते रचलं. खालच्या पेंढ्या भिजल्याच. ते धान काळं पडणार, हे भागाबाईला दिसत होतं. पण वरचं वाचलं.

वरून थरथरता आवाज आला, "मामीजी, वारं आता दक्षिणेचं झालं! उतरू का?"

पंजाबरावला दया आली. "उतरवावं का वो त्याले? दात वाजून राहिले त्याचे."

भागाबाईनं तोंडावरचं पाणी निपटलं, वर पाहिलं.

"अजून फेर कुठी पुरा झाला? होऊ द्या."