चाकाच्या जागी ढोल

भिमाजीने जीप विकत घेतली तेव्हा त्याला ती चालवता येत नव्हती. ही गोष्ट त्याने घरी सांगितली नव्हती, आणि त्याच्या बायकोने, बयाबाईनेही विचारली नव्हती. बियाण्याचे बटाटे आणायला म्हणून तो पुण्याला गेला होता. तिथे कुणीतरी सांगितलं, की खडकीला लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव आहे. नुसतं बघून येऊ म्हणून तो गेला. रांगेने उभ्या असलेल्या गाड्यांत एक जीप होती. रंग उडालेला, वरचं कापड फाटून गेलेलं, एक दिवा फुटलेला. पण उभी कशी, तर दावं सोडलं की उधळेल अशा खोंडासारखी. भिमाजीचा जीव जडला. बटाटे राहिले बाजूला.

भाड्याच्या ड्रायव्हरने ती नारायणगावपर्यंत कशीबशी आणली. पुढे पाणी उकळून वाफेचे लोट निघाले आणि गाडीने मान टाकली. मग गावाहून, पिंपरी पेंढारहून बैल आले, दोरखंड आले आणि जीप बैलांच्या मागून गावात शिरली. चावडीपुढे सगळं गाव गोळा झालं. भिमाजीचा चुलतभाऊ गेणभाऊ तोंडावर उपरणं धरून हसत म्हणाला, "भिमाजी, बैलांना वढायला गाडीच पायजे व्हती, तर घरात दोन व्हत्या की!"

जीप अंगणात लिंबाखाली उभी राहिली आणि तिच्याकडे बघत तो ओट्यावर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी महंमद हनीफ आला. तो भिमाजीच्याच गल्लीच्या टोकाला राहायचा आणि आळेफाट्याला सायकली दुरुस्त करायचा. लढाईच्या काळात तो फौजेत ड्रायव्हर होता, ब्रह्मदेशात जाऊन आला होता. माणूस तसा बोलका, आणि त्याच्या बोलण्यात आपली स्वतःची तारीफ बरीच असायची. चिखलात रुतलेली तोफ आपण एकट्याने कशी बाहेर काढली, आपली गाडी बघून हत्तीसुद्धा वाटेतून कसा बाजूला झाला, हे सगळं गावाला पाठ होतं. भिमाजी त्यातलं निम्मं सोडून द्यायचा.

हनीफने जीपभोवती एक फेरी मारली. बॉनेट उघडलं, तेलाची काडी काढली, तेल बोटांत चोळून हुंगलं. मग गुडघे टेकून खाली वाकला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला.

"भाऊ," तो शेवटी म्हणाला, "ही मेलेली न्हाई. हिची कुणी इचारपूसच केली न्हाई इतकी वर्सं."

"चालंल?"

"चालंल? अवो, शिवनेरीच्या पायऱ्या चढंल! फकस्त मला माझ्या मनासारखं करू द्या."

भिमाजीने करू दिलं, आणि त्याचं अंगण गेलं. बयाबाई ज्या जागी कुरडया वाळत घालायची तिथे इंजिनाचे भाग मांडले गेले. तिची मोठी परात रॉकेलमध्ये लोखंड धुवायला म्हणून हनीफने मागून नेली, ती पुन्हा चुलीपाशी आली नाही. बयाबाई कुरकुरली, पण जुन्या लुगड्यांच्या चिंध्या तिनेच काढून दिल्या. संध्याकाळी हनीफ हात धुवायला उभा राहिला की तीच राखेचं भांडं पुढे करायची.

भिमाजी रोज बघत होता आणि रोज नवल करत होता. गळका रेडिएटर जुन्नरच्या तांबटाकडून डाग देऊन आणला, तेव्हा हनीफने तो पाण्याने भरून रात्रभर ठेवला आणि सकाळी खालची माती चिमटीत घेऊन बघितली. कोरडी होती. इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला लावायचं पॅकिंग मिळेना, तर त्याने जाड पुठ्ठा जवसाच्या तेलात भिजवून, दाबून, बयाबाईच्या कात्रीने असा कापला की भोकाला भोक जुळलं. कापडी टप हनीफच्या बायकोने, अमिरुन्निसाने, स्वतःच्या मशीनवर शिवला. तंबूचं जाड कापड ते, तिच्या सुया मोडत होत्या आणि ती नवऱ्याला म्हणत होती, "माझ्या मशीनला काय झालं, तर ते बी तुमीच दुरुस्त करायचं." शिवण मात्र अशी पडली, की पुढे त्यातून पाण्याचा थेंब आत आला नाही.

मोडक्या लॉरीच्या स्प्रिंगचे पाटे आणून लोहार सत्तारने ते तापवले, वाकवले आणि जीपच्या पाट्यांत घातले. गाडी हातभर उंच झाली असं भिमाजीला वाटलं. धुराची नळी वळवून टपाच्या बाजूने वर नेली, म्हणजे ओढ्यात उतरली तरी इंजिनात पाणी जाऊ नये. आणि एक दिवस हनीफने गाडी चालू करायचा दांडा पुढून घालून फिरवला. जीप खोकली, थरथरली आणि चालू झाली. लिंबावरचे कावळे उडाले. गेणभाऊ हातातला तांब्या घेऊन तसाच पळत आला, आणि या खेपेला हसला नाही.

हनीफने भिमाजीला माळावर नेऊन चालवायला शिकवलं. भिमाजी सरळ बरी चालवायचा, पण क्लच सोडताना गाडी हमखास उडी मारायची. "बेडूक बसलाय जणू," असं म्हणून हनीफ कपाळाला हात लावायचा.

तोवर सगळं गोडीत चाललं होतं. मग हनीफच्या डोक्यात ढोल आला. त्याचं म्हणणं असं, की मागचं एक चाक जॅकवर उचलून काढायचं आणि त्या जागी लोखंडी ढोल बसवायचा. ढोलाला दोराचे तीन वेढे दिले की गाडी जागच्या जागी उभी राहून पाहिजे ते ओढेल. सत्तारशी त्याचं बोलणंसुद्धा झालं होतं.

"आन ते कशाला?" भिमाजीने विचारलं.

"लागंल कवातरी."

"मी जीप घेतलीया हनीफ, रहाट न्हाई घेतला!"

हनीफला ते लागलं. दोन-तीन दिवस तो अंगणात फिरकला नाही. लिंबाखालची ती गप्प जीप भिमाजीला बघवेना. शेवटी तोच उठून हनीफच्या दारात गेला आणि म्हणाला, "कर तुजा ढोल." ढोल झाला. त्याने बांधावरचं बाभळीचं एक खोड उपटून काढलं, आणि मग तो जीपच्या मागच्या बाजूला बांधलेला नुसता पडून राहिला.

चैत्र लागला होता. सकाळची वेळ. हनीफ प्लग साफ करत होता आणि भिमाजी त्याच्या हातात एकेक देत होता. तेवढ्यात हौशीराम अनवाणी धावत आला. वरच्या अंगाला ओढ्यापलीकडे त्याची जमीन होती आणि तिथे नव्या विहिरीचं खोदकाम चाललं होतं.

"भिमाजीभाऊ, चला! सावळेराम घावलाय धोंड्याखाली!"

त्याला धाप लागली होती, तरी सगळं सांगितलं त्याने. विहिरीतून दगड वर घ्यायच्या यारीचा दात तुटला. वर निघालेला धोंडा सुटून खाली गेला आणि खोदणाऱ्या सावळेरामचा पाय त्याच्याखाली आला. माणूस शुद्धीवर होता. पहार घालावी तर धोंडा लोळून छातीवर येणार. तो सरळ वरच उचलायला हवा होता, आणि एवढा धोंडा हाताने उचलणारं गावात कोण होतं?

हनीफने प्लग बसवायला घेतले होते. बोलणं संपायच्या आत त्याने दांडा फिरवला. साखळदंड, मोटेचा नवा नाडा, जॅक, सगळं जीपमध्ये पडलं. गेणभाऊ आवाज ऐकून आला होता, तोही चढला.

गाडीवाट ओढ्यापाशी संपली. पुढे नुसते गोटे, कुठे गुडघाभर पाणी, आणि समोर उभी चढण. हनीफने चारी चाकांना जोर दिला आणि जीप ओढ्यात घातली. ती एका गोट्यावरून दुसऱ्यावर चढत होती. एकदा डावीकडे इतकी कलली की भिमाजीने डोळे मिटले. पाट्यांचा करकर आवाज आला आणि ती पुन्हा सरळ झाली. भिमाजीच्या मनात आलं, ही गाडी खडकीला गंजत उभी होती. या माणसाने तिच्यात काय काय घातलंय! चढण त्यांनी एका दमात घेतली.

विहिरीच्या काठावर माणसं खाली वाकून उभी होती. यारीचं लाकूड शाबूत होतं, वरची कप्पीही शाबूत होती. हनीफने जीप मागे घेऊन लावली, चाकांना धोंडे दिले, ढोल बसवला, शेजारी जमिनीत एक मेख ठोकली, नाडा कप्पीवरून घेऊन ढोलाला तीन वेढे दिले. त्याचे हात भरभर, पण शांतपणे चालले होते. मग त्याने साखळी खांद्यावर टाकली.

"खाली मी जातो. धोंड्याचा तोल कुठं हाय ते बघून बांधाया लागंल."

"मंग गाडी?"

"गाडी तुमी."

"हनीफ, मला न्हाई जमायचं ते. उडी मारली तर? तू खाली, सावळेराम खाली…"

हनीफने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हाताला तेलाचा वास होता. "भाऊ, झोपल्या लेकराच्या डोक्याखालून आपला हात कसा काढतो आपण? तसा क्लच सोडायचा. दुसरं काय न्हाई." आणि गेणभाऊला म्हणाला, "ढोलावरून आलेलं टोक तुज्या हातात. मी थांब म्हणलं की त्या मेखेला वेढा दे. सोडायचं न्हाई, जीव गेला तरी."

"न्हाई सोडत," गेणभाऊ म्हणाला.

हनीफ खाली उतरला. इंजिनाच्या आवाजात भिमाजीला विहिरीतलं काही ऐकू येत नव्हतं. काठावर पालथा पडून खाली बघत असलेला हौशीराम आणि त्याचा खुणेसाठी बाजूला धरलेला हात, एवढंच त्याला दिसत होतं. हात कितीतरी वेळ तसाच राहिला. मग तळवा हळूच वर गेला.

भिमाजीने क्लच सोडायला सुरुवात केली. नाडा ताणला गेला, त्यातून पाणी पिळल्यासारखी धूळ उडाली. यारीचं लाकूड कण्हलं. जीप मागे दबली, चाकाखालचे धोंडे दाताखाली खडा यावा तसे वाजले. जळका वास आला. भिमाजीने पाय तसाच धरला, ना वर ना खाली, आणि ढोल फिरला. अगदी थोडा. नाड्याचा एक पीळ तट्कन तुटला. कुणीतरी "अरं देवा" म्हणालं. भिमाजीने हौशीरामच्या हातावरची नजर काढली नाही. ढोल आणखी थोडा फिरला.

"थांब!" खालून आलेला हनीफचा शब्द हौशीरामने ओरडून सांगितला.

गेणभाऊने मेखेला वेढा दिला आणि अंगाने मागे रेलला. वीतभर उचलला गेलेला धोंडा हवेत होता. हनीफने त्याच्या खाली दगड सारले आणि सावळेरामच्या काखेत हात घालून त्याला ओढलं.

"निघाला!" हौशीराम ओरडला, आणि रडायलाच लागला.

मग धोंडा हळू खाली ठेवला, आणि त्याच नाड्याला बाज बांधून सावळेरामला वर घेतलं. या खेपेला क्लच असा सुटला, की बाज कधी हलली ते कुणाला कळलं नाही. चाक पुन्हा चढवलं आणि जीप जुन्नरच्या दवाखान्याकडे निघाली. हनीफ चालवत होता. मागे अमिरुन्निसाने शिवलेल्या टपाच्या सावलीत सावळेरामचं डोकं मांडीवर घेऊन भिमाजी बसला होता. अर्ध्या वाटेत सावळेरामने डोळे उघडले.

"तंबाखू हाय का?"

"हाय रं बाबा, हाय," भिमाजी म्हणाला, आणि त्याने चंची सोडली.

पाय वाचला. जरा वाकडा जुळला, पण पावसाळा सरता सरता सावळेराम काठी टाकून चालायला लागला. हौशीरामच्या विहिरीला पाणी लागलं. आसपासच्या गावांतून माणसं जीप बघायला येऊ लागली. बेल्ह्याच्या बाजारातले व्यापारी वाट वाकडी करून ढोलाला हात लावून जायचे. हनीफ प्रत्येकाला गोष्ट सांगायचा आणि धोंडा दर बाजाराला थोडा मोठा व्हायचा. भिमाजी आता त्यातलं काही सोडून देत नसे.

पण हे सगळं नंतरचं. दुसऱ्याच दिवशी सकाळी हनीफ जीपखाली शिरला, कारण क्लचची प्लेट जळून गेली होती. भिमाजीने धोतर खोचलं आणि तोही पाठीवर सरपटत त्याच्या शेजारी गेला. खाली तेलाचा आणि ओल्या मातीचा वास होता. दोघं काही वेळ नट सोडवत राहिले.

"हनीफ, भ्या वाटलं व्हतं का खाली?"

हनीफने सुटलेला नट बोटांत फिरवला.

"वाटलं की. पीळ तुटला तवा तुमच्या नावानं लई शिव्या दिल्या मी. सावळेरामनं ऐकल्यात." मग तो मान वळवून भिमाजीकडे बघत म्हणाला, "पर गाडी न्हाई उडली, भाऊ. असा क्लच फौजेत बी कुणी धरला नसंल."

वरून तेलाचा एक थेंब त्याच्या गालावर पडला, तो त्याने पुसलाही नाही.

"आता तो मोठा पाना द्या," हनीफ म्हणाला. "आन बयावहिनींना सांगा, तीच परात लागंल."