अकरा शंखांची नवी जात

तिचे वडील संग्रहालयात गोगलगायींचे शंख सांभाळून निवृत्त झाले होते, आणि आता ती त्याच शंखांचे तक्ते भरत होती. एका ओळीत एक शंख. पुढे उंची, रुंदी, वेटोळी आणि तोंडाशी दातांसारखे उंचवटे, म्हणजे 'दात', किती. तक्ता सॉफ्टवेअरला दिला, की ते तुलना करून कोण कुणाच्या गोतातलं ते सांगायचं.

वडिलांनी टेकडीवरून आणलेल्या अकरा शंखांची तोंडं फुटकी होती. दात होते की नव्हते, कळायला मार्ग नव्हता. रकाने रिकामे ठेवले तर सॉफ्टवेअर तक्ता घेईना. 'माहीत नाही'साठी वेगळी खूण होती, पण ती शोधायचा तिला कंटाळा आला. अकराही ठिकाणी शून्य ठोकून ती मोकळी झाली. नंतर बदलू म्हणाली आणि विसरली.

सॉफ्टवेअरने ते अकरा शंख वेगळे काढले. बिनदाताची, कुठेच न नोंदलेली जात! तिच्या विभागप्रमुख मॅडम हरखल्या. "हिला तुझ्या वडिलांचं नाव देऊ."

तेव्हा तिला शून्यं आठवली. गुपचूप दुरुस्ती करून तिने तक्ता पुन्हा चालवला. अकराही शंख टेकडीच्या पायथ्याशी सापडणाऱ्या नेहमीच्या जातीत जाऊन बसले.

पण तोवर मॅडमनी घरी फोन केला होता. "माझंच नाव ना गं?" वडिलांनी तिला दोनदा विचारलं. मग आत्याला फोन, जुन्या सोबत्यांना फोन. आठ दिवस ती गप्प राहिली.

नवव्या दिवशी तिने मॅडमना सगळं सांगितलं.

"नव्या जातीवरचा लेख अजून छापायला गेला नाही, हे नशीब," मॅडम म्हणाल्या. "पण आठ दिवस?"

तक्त्यांचं काम तिच्याकडून गेलं.

घरी वडील शर्टाला बटण लावत बसले होते. तिने उभ्या उभ्याच सांगून टाकलं. त्यांनी दोरा तोडला.

"तोंडं फुटकी आहेत, असं मी शंखांसोबतच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं की."

"हो बाबा. वाचलं होतं मी."

त्यांनी सुई डबीत ठेवली. रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं.

"आत्याला आणि बाकीच्यांना मी कळवते," ती म्हणाली.

"नको. मिरवलं मी, तर सांगेनही मीच."

तोच शर्ट अंगात घालून ते सोबत्यांकडे निघाले. "मी येऊ?" तिने विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं.