कर्नेलने दोनदा वाचलेला आकडा

कोचकोर गावच्या घोडमैदानावर नवा विजेचा बोर्ड लागला, तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी ठाम समजूत होती. निवेदक दोओरोनबेक-बाइके (बाइके म्हणजे आमच्याकडे दादा) आपल्या प्रोग्रॅममध्ये घोड्यांची यादी भरायचे. ती यादी त्या प्रोग्रॅमच्या मेमरीतून उचलून बोर्डावर झळकवायची, हे काम यंत्राच्या कर्नेलचं, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांच्या खाली चालणाऱ्या मूळ प्रणालीचं. कर्नेलमधला तेवढा कोड माझा.

सप्टेंबरातली लखलखीत दुपार होती. दोन शर्यती सुरळीत पार पडल्या. तिसऱ्या आणि शेवटच्या शर्यतीआधी बोर्डावर अकरा घोड्यांची नावं आली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि नावं वर सरकून खालून आणखी ओळी यायला लागल्या.

‘तोरू-काश्का: मालकासारखाच. निघताना गडगडाट, पोचताना धापा.’

‘बोझ-जोर्गो: हा घोडा आहे की सोफा?’

‘कारागेर: पळतो झकास. कुठे, ते मात्र त्याचं त्याला ठरवू द्यावं.’

लोक माना उंचावून वाचू लागले. मग कुठल्याशा आजीबाई खिंकाळल्यासारख्या हसल्या आणि पाठोपाठ सगळं मैदान हसत सुटलं. वरच्या खोलीत दोओरोनबेक-बाइकेंचा माइक चालूच होता.

“अरे देवा, या तर माझ्या खासगी टिपा!” कर्ण्यांतून चारी दिशांना आवाज गेला. लोक आणखीच लोळले.

मी जिना तीन-तीन पायऱ्यांनी चढले. रैकान-एजे माझ्याआधीच तिथे पोचलेल्या. एजे म्हणजे ताई; मला हा धंदा शिकवणाऱ्या त्याच. वय बासष्ट, चष्मा नाकाच्या टोकावर आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“हसताय काय, एजे? माझी अब्रू गेली!”

“आधी हसून घे. मग रड. मग तो कोड उघड.”

बाइके आपल्या टिपा त्याच प्रोग्रॅममध्ये लिहीत, आणि मेमरीत त्यांची जागा यादीला अगदी खेटून होती. म्हणजे कर्नेलचा हात यादी ओलांडून पुढे गेला होता. पण मी तर पहारा बसवला होता! घोड्यांचा आकडा वाचायचा, यादीत जागा बाराचीच, म्हणून बारापेक्षा जास्त असला तर यादी परत पाठवायची.

एजेंनी पडद्यावर बोट टेकवलं. “इथे आकडा वाचलास, तपासलास. बरं. आणि तीन ओळी खाली उचलताना पुन्हा त्याच्याच मेमरीतून वाचलास. का गं?”

“तोच तर आकडा आहे.”

“तुझा आहे का तो? मेमरी त्याची. तू मान वळवलीस की तो तिथे वाटेल ते लिहून ठेवेल.”

“मी काहीही लिहिलं नाही!” बाइके ओरडले. या वेळी माइक बंद होता, नशीब.

“तू नाही रे बाबा, तुझा प्रोग्रॅम.”

प्रोग्रॅम उघडून पाहिला तर खरंच. प्रत्येक वेळी नवी यादी भरताना तो त्याच जागी आधी अक्षरांची संख्या लिहायचा आणि मग, नावामागे चाळीस अक्षरं धरून, भागाकार करून घोड्यांची. माझ्या दोन नजरांच्या मधे, क्षणाच्या कुठल्याशा चिमटीत, अकराचे चारशे चाळीस झाले होते! मला एकदम इतका आनंद झाला की मी एजेंच्या गालाचा मुका घेतला. चूक सापडली की मला असंच होतं. चूक माझी असली तरी.

आकडा एकदाच कर्नेलच्या स्वतःच्या जागेत उतरवून घ्यायचा, तीच प्रत तपासायची, तीच वापरायची. दोन ओळींचा बदल. घाईघाईत एका ओळीत तीन चुका केल्या.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. तोरू-काश्काचे मालक तुरगुनबाय-अता, सगळ्यांचे आजोबा शोभतील असे, हातात चाबूक.

“कोणी लिहिलं ते?”

बाइकेंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी बाइकेंकडे. एजेंनी आम्हा दोघांकडे.

“मी... धापा... टाकतो?” अता म्हणाले. जिना चढून त्यांना धड बोलवत नव्हतं. ते त्यांच्याही लक्षात आलं आणि पोट धरून हसत ते बाकावरच बसले. “खाली लोक ओरडताहेत. आणखी हवंय त्यांना!”

नवा कोड चढवला. बाइकेंनी वीस-पंचवीस वेळा याद्या पुढे-मागे भरल्या. बोर्डावर अकरा नावं, त्याखाली एक अक्षर नाही.

“मग गेली मजा?” अतांचं तोंड उतरलं.

“मजा नाही गेली. चोरून उचलायचं तेवढं गेलं,” मी म्हणाले. “बाइके, टीप नावापुढे तुम्ही स्वतः लिहा. यादीतच असली की कर्नेल खुशाल दाखवेल.”

“मालकांना विचारून,” एजेंनी दटावलं.

आठ मालक लगेच ‘हो’ म्हणाले. बोझ-जोर्गोचा मालक आधी रुसला, मग ‘सोफा’च्या आधी ‘मखमली’ घाला म्हणाला. शेवटची शर्यत कोणी जिंकली हे आज कोणालाच आठवत नाही. तोरू-काश्का पाचवा आला, पण मखमली सोफ्याला मागे टाकून. अता टोपी उडवत मैदानात नाचले आणि त्यांनी मला किमिझचा पियाला भरून दिला. घोडीचं ते आंबट दूध पिताना मला मधेच पुन्हा हसू फुटलं, ते नाकातून बाहेर आलं, आणि एजे माझ्या पाठीवर धपाटे घालत राहिल्या.