चाळीस दिवसांचा भात

रामटेकच्या गडाखाली अक्षतामहाराजांच्या मठात त्या मंगळवारी मुंगी शिरायला जागा नव्हती. एक्क्याऐंशी सालची ही गोष्ट. चाळीस दिवसांपूर्वी बापाच्या खांद्यावर मान टाकून आलेली चार वर्षांची देवकी आज आपल्या पायांनी प्रदक्षिणा घालत होती. हातापायांच्या काड्या आणि पोटाचा नगारा झालेली ती पोर. आता पोट उतरलं होतं, गालांवर रंग आला होता. "चमत्कार हाय गा, चमत्कार!" म्हणत माणसं महाराजांच्या पायांवर लोळत होती.

महाराजांचा आवाज असा की लाउडस्पीकरची गरजच नाही, तरी दोन लावलेले. "डॉक्टरची सुई जिथं वाकते, तिथं माहा तांदूळ काम करते!" ते गरजले. उपाय सोपा होता. मंतरलेल्या मूठभर अक्षता घरच्या तांदळात मिसळायच्या, चाळीस दिवस पोराला फक्त तो भात आणि मुगाचं वरण द्यायचं आणि एकेचाळिसाव्या दिवशी मठात रोडग्यांचा नैवेद्य करायचा. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले, तुपात बुडवलेले ते कणकेचे गोळे महाराज स्वतः पोराला भरवत.

सगळे रडत होते, पण देवकीची आई गोपिका वेगळ्या कारणानं रडत होती. हा चमत्कार तिनं आधी तीनदा पाहिला होता. थोरली चारुशीला अशीच तीन वेळा बरी झाली, आणि तीन वर्षांपूर्वी, सहा वर्षांची असताना गेली. दर वेळी रोडगे झाले, घरचं नेहमीचं खाणं सुरू झालं, की महिन्याभरात जुलाब सुरू व्हायचे, पोट पुन्हा फुगायचं. महाराजांकडे उत्तर तयार असे. "आईच्या मनात किंतु आला. अक्षतेले किंतु सोसत नाही!" गोपिकानं तेही मानलं होतं. आपल्याच मनात खोट असणार, असं समजून ती बिचारी उपास करत राहिली.

गोपिकाचे यजमान वामनराव इतवारीच्या बाजारातले गव्हाचे व्यापारी. त्यांच्या घरी ज्वारीची भाकर म्हणजे हमालांचं खाणं. पोर अशक्त झालं की गव्हाचं सत्त्व पाजायचं, आणखी अशक्त झालं की आणखी पाजायचं, ही त्या घरची रीत.

रोडग्यांनंतर तिसऱ्या आठवड्यात देवकीचं पोट पुन्हा फुगलं. वामनराव म्हणाले, "चाल, महाराजांकडं जाऊ." गोपिका जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला नाही म्हणाली आणि रिक्षा करून पोरीला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी आतड्याचा बारीक तुकडा तपासायला घेतला. तिथल्या आहारतज्ज्ञ प्रमोदिनीबाईंनी पेढीचा फोन नंबर लिहून घेतला. कधी पेढीवर न बसलेली गोपिका तीन दिवस गव्हाच्या पोत्यांमध्ये फोनपाशी बसून राहिली.

चौथ्या दिवशी प्रमोदिनीबाईंचा फोन आला. "गोपिकाताई, ते चाळीस दिवस पोर काय खात होती?"

"भात अन् वरण."

"आणि रोडगे कशाचे होते?"

"कणकेचे. आमच्याच दुकानातला गहू."

"ताई, देवकीच्या आतड्याला गहूच सोसत नाही. सीलिअ‍ॅक म्हणतात या आजाराला. गव्हातल्या चिकट अंशानं आतडं आतून खराब होतं, मग खाल्लेलं अंगी लागत नाही. गहू बंद केला की ते भरून येतं. अक्षता टाका नाही तर नका टाकू."

"अन् माही चारू?"

"तिला आता तपासता येत नाही. पण लक्षणं हीच होती, आणि हा आजार भावंडांत असू शकतो."

गोपिकानं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. "तिले सत्त्व नको होतं, ताई. तोंड फिरवत होती. म्या नाक दाबून पाजलं."

"तुम्हाला माहीत नव्हतं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "आता देवकीला काही नवं द्यायच्या आधी मला फोन करा."

मग रोज फोन सुरू झाला. साबुदाणा? चालेल. ज्वारीची भाकर? खुशाल द्या, पण गव्हावर दळलेलं पीठ नको. रवा, शेवया? ते गहूच. हिंग? त्यात पीठ मिसळलेलं असतं, नको. वामनरावांनी निमूटपणे घरी जातं आणलं. भात दुकानातल्या साध्या तांदळाचा होता, त्यात एकही अक्षता नव्हती. चाळीस दिवसांनी देवकी अंगणात पळत होती.

गोपिका तिला घेऊन मठात गेली. भर गर्दीत म्हणाली, "महाराज, या खेपेले अक्षता नाही घेतल्या. पोर बरी हाय. दवाखान्यात सांगतलं, तिले गहू सोसत नाही. नैवेद्याले रोडग्यांच्या जागी तांदळाची खीर करतो. चालन ना?"

"नाही! रोडगेच पाहिजेत!" महाराज ताडकन उठले. "कोप होईन!"

"काहून?"

पण बोलली ती मठाची स्वयंपाकीण रंभाबाई. हातातली परात खाली ठेवत ती म्हणाली, "म्या सांगतो. एक डाव कणीक संपली म्हणून म्या ज्वारीचे रोडगे केले. घरच्यांनी मंग ज्वारीचाच नेम धरला. ते लेकरू पुन्हा आलंच नाही, बरं झालं. महाराजांनी मले शिव्या देल्ल्या. तवापासून महाराज कणीक सोता मोजून देते."

गर्दीत कुजबुज सुरू झाली. अक्षतेत काही नव्हतं. ज्यांना गहू सोसत नव्हता ती पोरं गहू थांबला की सुधारत, आणि रोडग्यांनंतर गहू सुरू झाला की ढासळून पुन्हा मठाच्या दारी येत. ज्यांना दुसराच आजार होता ती भातानं सुधारलीच नाहीत. त्यांचं नाव लाउडस्पीकरवर कधी आलं नाही.

काही माणसं उठून गेली. काही बसूनच राहिली, कारण देव सोडण्यापेक्षा आशा सोडणं अवघड असतं. नरखेडकडची एक बाई वाळलेलं पोर मांडीवर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "मंग म्या काय करू वं बाई?"

गोपिका तिच्याशेजारी बसली. "आधी दवाखान्यात ने. अन् कोणी काही सांगो, महाराज सांगो का म्या सांगो, तू इचारत जाय. लेकरानं काय खाल्लं, कवा खाल्लं, मंग काय झालं. म्या तीनदा डोयानं पाह्यलं अन् एकदाही इचारलं नाही. इचारलं असतं तं माही चारू आज नऊ वर्साची असती."